चलनी नोटांवरील चित्रें आणि त्यांचे संग्राहक : एक परीक्षण

नाण्यांच्या अभ्यासास इतिहाससंशोधकांच्या मंडळींत मानाचें आसन मिळून आतां पुष्कळ काळ लोटला. गुप्तांचे दीनार, क्षत्रपांचे द्रम्म, शिवकालीन होन आणि शिवराई यांविषयीं कोणी लिहूं लागला तर त्यास कोणी अडवीत नाहीं. कागदी चलनाची स्थिति मात्र तशी नाहीं. तें कालपरवांचें, यंत्रावर छापलेलें, हातांत घेतल्यास फाटणारें. त्यांत संशोधन तें काय करावयाचें, असा सूर अद्यापि ऐकूं येतो. या उपेक्षेचा परिणाम असा झाला कीं हें क्षेत्र संशोधकांनीं सोडलें आणि हौशी मंडळींनीं घेतलें. हौशीविषयीं आमच्या मनांत आकस नाहीं. हौस नसती तर आपल्याकडील किती तरी दप्तरें वाण्याच्या दुकानांत पुड्या बांधण्याच्या कामीं आलीं असतीं. परंतु या हौसेनें नोटा लावण्याची जी पद्धति पाडली आहे ती एकदां तपासून पाहणें अवश्य आहे, म्हणून हा लेख.

गेल्या कांहीं दशकांत नोटा जमविणारांमध्यें एक प्रकार विशेष रूढ झाला आहे. देश व काल बाजूस ठेवून चित्राच्या विषयावरून नोटा लावावयाच्या. एका वहींत जगांतील सर्व हत्ती, दुसरींत वाघ व सिंह, तिसरींत पक्षी, चवथींत देवळें व किल्ले. दक्षिण आफ्रिकेचा गेंडा, नेपाळचा गेंडा आणि आपल्या दहा रुपयांच्या नोटेवरचा गेंडा हे तिघे एका पानावर शेजारीं शेजारीं बसतात, आणि पाहणारा 'वाहवा' म्हणून पान उलटतो. वही सुंदर दिसते यांत शंका नाहीं. परंतु अशा मांडणींत नोटेची केवळ मागची बाजू उरते. पुढची बाजू, सही, भाषा, साल, आणि ती कोणी कोणास काय वचन देऊन दिली हें सर्व झांकलें जातें. एकाद्यानें चालुक्यांच्या ताम्रपटाची वराहमुद्रा तेवढी काढून घ्यावी आणि पत्रे भंगारांत घालावे, त्यांतलाच हा प्रकार.

त्या तीन गेंड्यांचेंच उदाहरण घेऊं. दक्षिण आफ्रिकेच्या नोटांवर पूर्वी यान व्हान रीबेक या डच वसाहतीच्या संस्थापकाचें मुख असे. १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत तें जाऊन त्याच्या जागीं पांच श्वापदें आलीं : दहा रँडवर गेंडा, विसांवर हत्ती, पन्नासांवर सिंह, शंभरांवर रानरेडा आणि दोनशेंवर बिबळ्या. हा काळ म्हणजे वर्णभेदाचें राज्य मोडून १९९४ सालीं सर्वांच्या मतांचें राज्य येण्याचा काळ. कोणत्याहि एका मनुष्याचें मुख सर्वांस मान्य होणें जेथें कठीण, तेथें श्वापद चालतें. त्याचा वर्ण कोणी विचारीत नाहीं. पुढें २०१२ सालीं नेल्सन मंडेला यांचें मुख नोटांवर आलें आणि श्वापदें मागील बाजूस गेलीं. नेपाळचा प्रकार याहून निराळा. तेथें पुढील बाजूस राजाचें मुख व मागील बाजूस प्राणी अशी वांटणी असे. २००८ सालीं राजसत्ता संपली. त्याच सुमारास राजाच्या मुखाच्या जागीं सगरमाथा आला, परंतु मागील बाजूचे शंभरांवरील गेंडा, पांचशेंवरील वाघ आणि हजारांवरील हत्ती जागचे हलले नाहींत. म्हणजे आफ्रिकेचा गेंडा मनुष्याची जागा भरून काढण्यास आलेला, आणि नेपाळचा गेंडा राजा गेला तरी मागें राहिलेला. १९९६ च्या मालिकेंतील आपला गेंडा हत्ती व वाघ यांच्या जोडीनें महात्मा गांधींच्या पाठीमागें उभा आहे. तिघांच्या नाकावरच्या शिंगाखेरीज त्यांत समान असें फारच थोडें.

मनुष्याच्या मुखावरून होणारा तंटा टाळण्याचा दुसरा मार्ग युरोपांतील राष्ट्रांनीं काढला. २००२ सालीं हातीं आलेल्या युरोच्या नोटांवर रॉबर्ट कालिना या ऑस्ट्रियन चित्रकारानें जे पूल काढले ते कोठेंहि अस्तित्वांत नव्हते. कोणत्याच देशाचा पूल नसला म्हणजे कोणी रुसावयास नको. पुढें नेदरलँड्समधील स्पाइकेनिसे या गांवीं ते पूल खरोखरच बांधण्यांत आले! चित्रावरून वास्तु निर्माण झाल्याचें हें उदाहरण पुढील शतकांतील एकाद्या संशोधकास चांगलेंच चकविणार आहे.

आतां आपल्याकडील प्राण्यांचा क्रम लावून पाहूं. रिझर्व्ह बँकेनें आपली पहिली नोट, पांच रुपयांची, जानेवारी १९३८ मध्यें काढली. सहाव्या जॉर्ज बादशहाच्या त्या मालिकेंत दहांच्या नोटेच्या मागें हत्ती आणि शंभरांच्या नोटेच्या मागें वाघ होता. या मालिकेवर प्रथम जेम्स टेलर यांची, व पुढें चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांची सही आहे. देशमुख हे १९४३ पासून १९४९ पर्यंत गव्हर्नर होते. त्या पदावरील ते पहिले भारतीय, आणि मेघदूताचें मराठी रूपांतर करणारे संस्कृतज्ञ म्हणूनहि वाचकांस परिचित. एका बाजूस बादशहाचें मुख, दुसऱ्या बाजूस वाघ, आणि अधिकाराची सही कुलाबा जिल्ह्यांतील एका मराठी गृहस्थाची, असा हा कागद. 'वाघांच्या' वहींत तो लावला असतां यांतील दोन गोष्टी दिसेनाशा होतात व तिसरी तेवढी राहते.

प्राणी आणि राजा यांचें साहचर्य आपल्या चलनांत नवें नाहीं. समुद्रगुप्ताच्या सुवर्णनाण्यांवर राजा वाघ मारीत आहे. दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या नाण्यांवर सिंह. आणि पहिल्या कुमारगुप्ताच्या एका प्रकारावर तो घोड्यावरून गेंड्याची शिकार करतो. त्या शेवटच्या नाण्यावरील लेखांत खड्ग शब्दावर श्लेष आहे, कारण संस्कृतांत खड्ग म्हणजे तरवारहि आणि गेंडाहि. १९४६ सालीं भरतपूरजवळ बयाना येथें जो मोठा निधि सांपडला, व ज्यांतील १८२१ नाण्यांची सूचि डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनीं १९५४ सालीं प्रसिद्ध केली, त्यानें या प्रकारांच्या ज्ञानांत मोलाची भर घातली. गुप्तांच्या नाण्यावर राजा व श्वापद एकाच बाजूस, समोरासमोर आहेत, आणि श्वापद मरत आहे. १९३८ च्या नोटेवर दोघे पाठमोरे आहेत. श्वापद जिवंत आहे, परंतु शिकारीचा तो काळ कोणी विसरलेला नाहीं. १९९६ च्या नोटेवर पुढें राजा नाहीं, शस्त्र नाहीं. अहिंसा सांगणारा एक मनुष्य आहे आणि त्याच्या मागें तेच तीन प्राणी, ज्यांच्यावर पूर्वीच्या राजांनीं पराक्रम गाजविला. चित्रकारानें हें सर्व मनांत आणलें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पंधराशें वर्षांत सत्तेनें स्वतःस श्वापदाशेजारीं कसें उभें केलें हें पाहावयाचें असेल तर नोटेच्या दोन्ही बाजू एकत्र वाचल्या पाहिजेत, आणि विषयवार वही नेमकें तेंच करूं देत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर राजाच्या जागीं सारनाथचा सिंहस्तंभ आला. प्रथम १९४९ च्या एक रुपयाच्या नोटेवर, नंतर सर्वांवर. त्या मालिकेंत दोन रुपयांवर वाघ, पांचांवर हरणें आणि दहांवर शिडाचें गलबत होतें. हा वाघ दोन रुपयांवरून केव्हां गेला हें लक्षांत घेण्यासारखें आहे. व्याघ्रप्रकल्प सुरू झाला १९७३ सालीं. १९७५ च्या एप्रिलांत आर्यभट उपग्रह आकाशांत गेला, आणि त्यानंतर लौकरच दोन रुपयांच्या नोटेवर वाघाच्या जागीं उपग्रह आला. म्हणजे सरकार रानांतील वाघ राखण्यास निघालें त्याच दशकांत त्यानें कागदावरील वाघ सोडला. पांचांवर हरणांऐवजी ट्रॅक्टर आला. दहांवर गलबताऐवजी मोर, व विसांच्या नव्या नोटेवर कोणार्कचें चक्र. पुढें १९९६ सालीं वाघ परत आला तो मुखापुरता, आणि दोघां सोबत्यांसह.

'हरणें' हा शब्द आम्ही वर मुद्दाम मोघम वापरला आहे. मराठींत हरीण म्हटलें म्हणजे सर्व कांहीं आलें. इंग्रजी सूचींतून उतरवून घेतांना तर कोणी कांहींहि लिहितो. ज्याचें शिंग फाटे न फुटतां पिळदार जातें त्याची जात निराळी, ज्याच्या शिंगास फांद्या असतात व जें गळून पुन्हा येतें त्याची निराळी. अमरकोशाच्या सिंहादिवर्गांत कृष्णसार, रुरु, पृषत, शंबर, एण अशीं स्वतंत्र नांवें दिलेलीं आहेत, आणि तो कोश पाठ करणारीं मुलें हा भेद जाणत असत. प्राण्यांचा संग्रह करणारानें प्राणी तरी ओळखावा एवढी अपेक्षा अवास्तव नसावी.

चित्रांच्या नादांत सर्वांत अधिक उपेक्षा झाली आहे ती अक्षरांची. स्वतंत्र भारताच्या आरंभींच्या नोटांवर हिंदींत दोन, पांच, दहा या संख्यांपुढेंहि 'रुपया' असेंच एकवचन छापलेलें होतें. १९५३ सालीं वाद होऊन 'रुपये' हें अनेकवचन ठरलें, आणि नोटांवरील हिंदीसहि अधिक ठळक स्थान मिळालें. 'रुपया' आणि 'रुपये' या दोन प्रकारांच्या नोटा बाजारांत निराळ्या भावानें विकल्या जातात हें संग्राहकांस ठाऊक असतें. हा फरक म्हणजे राष्ट्रभाषेच्या व्याकरणाचा सरकारी निर्णय आहे, एवढें मात्र फारच थोडे सांगतात. शब्द तरी केवढा जुना! पाणिनीनें रूप शब्दास प्रत्यय लावून रूप्य शब्द साधला तो 'ठोकून उमटविलेलें' या अर्थानें, म्हणजे छाप मारलेल्या नाण्यास उद्देशून. कौटिल्यानें नाणीं तपासणाऱ्या अधिकाऱ्यास रूपदर्शक म्हटलें आहे. ज्या कागदावर ठोकण्याची क्रिया मुळींच नाहीं त्यावर हा शब्द अद्याप नांदतो आहे.

नोटेच्या मागील बाजूस डावीकडे भाषांची जी पट्टी असते तींत पंधरा भाषांत किंमत लिहिलेली असते. हिंदी व इंग्रजी यांसाठीं इतरत्र जागा आहे. त्यांत संस्कृतहि एक. विसांच्या नोटेवर संस्कृतांत 'विंशती रूप्यकाणि' असें आहे. यांतील दीर्घ ती पाहून ही छापण्यांतील चूक आहे अशी समजूत सहज होण्यासारखी आहे. ती चूक नाहीं. विंशतिः या पदाच्या अंतीं असलेल्या विसर्गाचा र होतो. पुढें रूप्यकाणि मधील र आल्यामुळें पहिला र लोपतो, आणि लोप झाल्यामुळें मागील ऱ्हस्व इकार दीर्घ होतो. संधि अगदीं शुद्ध आहे. कोट्यवधि प्रतींत तो छापला गेला आणि खिशांतून फिरला. संस्कृताचें इतक्या प्रती निघालेलें दुसरें वाक्य शोधून काढावें लागेल.

या पट्टीवरून कालनिर्णयासहि साहाय्य होतें. कोंकणी व नेपाळी या भाषा १९९२ च्या एकाहत्तराव्या घटनादुरुस्तीनें आठव्या अनुसूचींत आल्या, आणि आज पट्टींत त्यांच्या ओळी आहेत. त्याच दुरुस्तीनें आलेल्या मणिपुरीची ओळ मात्र पट्टींत नाहीं. अनुसूचींत आतां बावीस भाषा आहेत. नोटेवर त्यांपैकीं हिंदीसह सोळा. बोडो, डोगरी, मैथिली, मणिपुरी, संताळी व सिंधी या सहा बाहेर राहिल्या. राष्ट्रीय संस्कृति दाखविणाऱ्या नोटा म्हणून ज्या वह्या भरल्या जातात त्यांत देवळांचे शिखर मोजलेलें असतें. या सहा भाषांची नोंद कोणी केलेली आमच्या पाहण्यांत नाहीं. संस्कृतीचा प्रश्न शिखरापेक्षां या पट्टींत अधिक आहे असें आमचें मत आहे.

आतां वास्तूंकडे वळूं. १९५४ सालीं एक हजार रुपयांची जी नोट निघाली तिच्यावर तंजावरचें बृहदीश्वराचें मंदिर होतें. पांच हजारांवर मुंबईचें गेटवे ऑफ इंडिया, आणि दहा हजारांवर सिंहस्तंभ. १९७८ च्या जानेवारींत या तिन्ही मोठ्या नोटा रद्द झाल्या. तंजावरची नोट आज फार किंमतीस विकली जाते व तिच्याखालीं 'चोल स्थापत्य' असें लिहिलें जातें. राजराज चोलानें हें मंदिर सुमारें १०१० सालीं पुरें केलें हें खरेंच. परंतु त्याच मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजांनीं १८०३ सालीं भोसले वंशाचें चरित्र मराठींत कोरविलें, आणि मराठींतील अत्यंत विस्तृत शिलालेखांत त्याची गणना होते. मराठी संग्राहकानें आपल्या टिपणांत ही एक ओळ घातली असती तर त्या नोटेचें मोल बाजारभावाहून निराळ्या अंगानें वाढलें असतें. नोटेवरील चित्रांत लेख दिसत नाहीं हें उघड आहे. टिपणाचें काम चित्रांत न दिसणारें सांगणें हेंच होय.

२०१६ पासून निघालेल्या नव्या मालिकेंत वास्तूंस प्राधान्य आहे. पांचशेंवर लाल किल्ला, दोनशेंवर सांचीचा स्तूप, शंभरांवर पाटणची राणीची वाव, पन्नासांवर हंपीचा रथ, विसांवर वेरूळ, दहांवर पुन्हां कोणार्कचें चक्र. दोन हजारांवर मंगळयान होतें. ती नोट चलनांतून काढून घेत असल्याचें बँकेनें मे २०२३ मध्यें जाहीर केलें. पुढील बाजूस देवनागरी अंक आले ही या मालिकेंतील आम्हांस अतिशय आवडलेली गोष्ट. परंतु मुख्य चित्र म्हणून एकहि प्राणी नाहीं, एकहि पर्वत नाहीं, एकहि वृक्ष नाहीं. १९९६ च्या मालिकेंत शंभरांच्या मागें हिमशिखरें होतीं, विसांच्या मागें अंदमानचे माड, दहांच्या मागें तीन श्वापदें. नव्या मालिकेंत मनुष्यानें बांधलेलें तेवढेंच राहिलें. या निवडीस आमचा विरोध आहे. देश म्हणजे केवळ शिल्पींनीं घडविलेला दगड असा समज पुढील पिढींत व्हावयाचा असेल तर ही मालिका त्यास चांगली साधनीभूत होईल. उलट बाजूनें इतकें म्हणतां येईल कीं वास्तूंची निवड एका प्रांताची किंवा एका पंथाची नाहीं : बौद्ध स्तूप, मोगल किल्ला, सूर्यमंदिर, चौलुक्य राणीची विहीर.

निवडीपेक्षां चित्रणाकडे पाहिलें म्हणजे कांहीं मनोरंजक गोष्टी हातीं लागतात. हंपीचा 'रथ' हा रथ नव्हे. तें विठ्ठल मंदिरापुढील गरुडाचें देऊळ आहे, रथाच्या आकारांत बांधलेलें. अलेक्झांडर ग्रीनलॉ यानें १८५६ सालीं घेतलेल्या छायाचित्रांत या देवळावर विटांचें शिखर स्पष्ट दिसतें. पुढें तें उतरविण्यांत आलें. नोटेवर जो आकार आहे तो शिखर गेल्यानंतरचा, म्हणजे विजयनगरच्या राजांनीं पाहिलेला नव्हे. विठ्ठलाची मूर्ति भानुदासांनीं विजयनगराहून पंढरीस परत आणली ही परंपरा वारकऱ्यांस सांगावयास नको. त्या विठ्ठलाचें मंदिर पन्नास रुपयांच्या मागें आहे हें मात्र सांगावें लागतें, कारण वह्यांतून केवळ 'रथ' एवढेंच लिहिलेलें असतें. पाटणची वाव ही जमिनींत सात मजले उतरत जाणारी. तिची खोली कागदावर कशी यावी? पहिल्या भीमदेवाची राणी उदयमती हिनें ती बांधविली असें मेरुतुंगानें प्रबंधचिंतामणींत, म्हणजे चवदाव्या शतकाच्या आरंभीं लिहून ठेविलें. सरस्वतीच्या गाळानें भरून गेल्यामुळेंच तिचें शिल्प इतकें शाबूत राहिलें.

आणि वेरूळ. बँकेच्या निवेदनांत 'एलोरा' आहे. तें एक वेळ चालेल. परंतु मराठी संग्राहकहि आपल्या वहींत 'एलोरा केव्हज' असेंच लिहितात, याला काय म्हणावें? राष्ट्रकूट कर्क याच्या बडोदें येथील इ. स. ८१२ च्या ताम्रपटांत कृष्णराजानें बांधविलेल्या शिवालयाचें वर्णन करतांना या डोंगरास एलापुर म्हटलें आहे. एलापुरापासून वेरूळ कसें झालें याची चर्चा करावयास हें स्थळ नव्हे. परंतु भोसल्यांचें मूळचें गांव, मालोजी राजांचें गांव, त्याचें नांव तरी आपण आपल्या भाषेंत लिहावें.

बाजारानें या छंदास कसें वळण लावलें आहे तेंहि पाहिलें पाहिजे. कोरी करकरीत नोट सर्वांत मौल्यवान, एक घडी पडली कीं भाव उतरला, दोन पडल्या कीं अर्ध्यावर. अंकांत ७८६ असले तर निराळा भाव, एकच अंक सहा वेळां आला तर आणखी निराळा. इतिहासाच्या दृष्टीनें वापरलेली नोट ही कोऱ्या नोटेहून अधिक बोलते. २००१ सालापूर्वी बँका नोटांच्या गड्ड्या तारेच्या टांचण्यांनीं टोचीत असत. त्या सालीं रिझर्व्ह बँकेनें ही चाल बंद करविली. तेव्हां डाव्या कडेस जीं दोन भोंकें दिसतात तीं दोष नसून प्रमाण आहेत : ही नोट बँकेच्या गड्डींतून निघाली, आणि बहुधा त्या सालाआधीं. जलचिन्हाच्या कोऱ्या जागेंत कारकुनानें पेन्सिलीनें केलेली बेरीज, तेलाचा डाग, हळदीचा डाग, यांवरून नोट कोणाच्या हातून गेली तें कळतें. असे डाग खोडरबरानें पुसून नोट 'स्वच्छ' करून विकणारे दुकानदार आहेत. ताम्रपट घासून लखलखीत करणारांच्या पंक्तींत त्यांस बसवावें.

नोटेचा काल ठरविण्याचीं साधनें मुळींच गूढ नाहींत. २००५ पासून मागील बाजूस छपाईचें साल असतें. २०१४ सालीं त्यापूर्वीच्या नोटा परत घेतांना बँकेनें लोकांस हीच खूण सांगितली होती. त्याआधींच्या नोटांसाठीं गव्हर्नरची सही आणि क्रमांकाच्या पाठीमागें असलेलें इंग्रजी अक्षर हीं दोन मिळून पुरेशीं होतात. एक रुपयाच्या नोटेवर सही अर्थखात्याच्या सचिवाची असते आणि तीवर 'देण्याचें' वचन नसतें, कारण कायद्याच्या दृष्टीनें ती सरकारचें नाणेंच आहे, बँकेची हुंडी नव्हे. २००६ पासून कांहीं नोटांच्या क्रमांकांत तारकाचिन्ह आलें. छपाईंत खराब झालेल्या नोटेच्या जागीं घातलेली ती नोट. सही, अक्षर, साल, तारका, भाषांच्या ओळी, आणि मग चित्र, या क्रमानें टिपण केलें तर शंभर नोटांचा संग्रहहि अभ्यासास उपयोगी पडेल. आज चित्रावरून लावलेला हजार नोटांचा संग्रह कोणी दिला तर तो प्रथम उसकटून पुन्हां लावावा लागतो.

संग्रह ठेवण्याविषयीं दोनच गोष्टी. नोटेवर उष्णतेनें प्लास्टिकचें आवरण चिकटविणें म्हणजे ती कायमची नष्ट करणें होय; तें आवरण पुन्हां निघत नाहीं. मऊ व वासाच्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून कालांतरानें तेलकट द्रव्य सुटून शाई बिघडते, त्यांऐवजी पॉलिएस्टरच्या पिशव्या घ्याव्या. दुसरी गोष्ट कायद्याची. नोव्हेंबर २०१६ मध्यें रद्द झालेल्या पांचशें व हजारांच्या नोटा दहांहून अधिक बाळगणें २०१७ च्या कायद्यानें निषिद्ध आहे. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्र यांसाठीं ही मर्यादा पंचवीस आहे, व ती ओलांडल्यास दंड आहे. या पांचशेंच्या नोटेवर दांडीयात्रा होती. पंचवीसच ठेवतां येणार म्हटल्यावर त्या कोणत्या ठेवाव्या हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचें उत्तर साल, सही व अक्षर यांचें टिपण ज्याच्यापाशीं आहे त्यासच देतां येईल.

नमुन्यादाखल एका साध्या नोटेचें टिपण कसें असावें तें सांगतों. २००१ सालीं निघालेल्या वीस रुपयांच्या नोटेच्या मागें माडांच्या आडून समुद्र दिसतो. वह्यांत बहुधा 'ताडवृक्ष' किंवा 'समुद्रकिनारा' एवढेंच लिहिलेलें असतें. तें दृश्य दक्षिण अंदमानांतील माउंट हॅरिएट या डोंगरावरून दिसणारें आहे. १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरचे राजे कुलचंद्र व त्यांचे सोबती यांस याच डोंगरावर बंदींत ठेवण्यांत आलें होतें, आणि म्हणून २०२१ सालीं त्यास माउंट मणिपूर हें नांव मिळालें. ज्या पोर्ट ब्लेअरच्या बंदरासमोर तो उभा आहे त्याचें नांव २०२४ सालीं श्री विजयपुरम् असें झालें. नोटेवर स्थळाचें नांव छापलेलें नाहीं. तेव्हां टिपणांत दोन्हीं ठिकाणांचीं जुनीं व नवीं नांवें, बदलाच्या सालांसह, लिहावीं.